क्लोज्ड-बॅक (कप मागून बंद असलेल्या) हेडफोनचे पॅड बदलायचे आहेत? आधी हे वाचून घ्या (नागपूरच्या उन्हाळ्याच्या हिशोबानं)

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळपासून तीन तास हेडफोन लावून काम करून राहिलो होतो, जेवायला उठलो तर आई म्हणाली, "काय रे, कानाले हे काळं काळं काय लागलं?" आरशात पाहिलं तर कानामागे, मानेवर, पांढऱ्या बनियनवर काळ्या पापुद्र्यांचे तुकडे. हेडफोन उलटा करून पाहिला तर पॅडचं वरचं रेक्झिन सगळं सुटलेलं, खालचं जाळीदार कापड दिसायला लागलेलं. अडीच वर्षं वापरलेला ऑडिओ-टेक्निकाचा एम50एक्स आहे, आवाज ठणठणीत, वायर ठीक, फक्त पॅड गेले. तेव्हापासून मी स्वतःचे, भावाचे आणि दोन-तीन मित्रांचे हेडफोन मिळून बऱ्याच वेळा पॅड बदलले, आतही हात घातला, त्यात जे समजलं ते इथं लिहून राहिलो.

आधी हे पॅड सुटतात काऊन ते पाहू. बहुतेक हेडफोनला जे "लेदर" असते ते खरं कातडं नसते, कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतली ओल आणि घाम त्या थराचे रासायनिक बंध हळूहळू तोडते, आणि उष्णता असली की ते काम आणखी जोरात होते. आता आपल्याकडचं पाहा, बाहेर पारा 45 च्या वर आणि खोलीत कूलर, म्हणजे गरमी पण आणि ओलसर वारा पण. त्यात मी एक दिवस बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) काम होतं म्हणून हेडफोन गाडीच्या डिक्कीत ठेवला आणि गाडी तीन तास उन्हात उभी राहिली. ती चूक माझीच, पण त्यानंतर पंधरा दिवसांतच पापुद्रे निघायला लागले. म्हणून डिक्कीत, कारच्या डॅशबोर्डवर, कूलरच्या समोरच्या टेबलावर हेडफोन ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली असती तर माझे पैसे वाचले असते. पॅड म्हणजे फक्त उशी नाही, तो आवाजाचा भाग आहे. क्लोज्ड-बॅकमध्ये ड्रायव्हर (आवाज काढणारा आतला छोटा स्पीकर) आणि तुमचा कान यांच्यामध्ये एक छोटी बंद खोली तयार होते, तिच्या भिंती म्हणजे पॅड. भिंतीला फट राहिली की बास तिथून निघून जाते. पॅड जाड असला की ड्रायव्हर कानापासून दूर जातो, मग वरच्या पट्टीचा आवाज बदलतो. आतली भिंत छिद्रांची असली तर एक आवाज, सपाट असली तर दुसरा. त्यामुळे "नवीन पॅड लावले आणि हेडफोन बिघडला" असं जे लोकं सांगतात तिथं हेडफोन काही बिघडलेला नसतो, खोली बदललेली असते. आणि याचमुळे आरामासाठी आणि आवाजासाठी अशी वेगवेगळी खरेदी करता येत नाही, दोन्ही एकाच पॅडमध्ये विकत येते.

साधी टेस्ट सांगतो. तबल्याचं काहीतरी लावा ज्यात डग्ग्याची घुमारी स्वच्छ ऐकू येते, आणि दोन्ही कप हातानं डोक्यावर हलकेच दाबा. दाबल्यावर डग्गा एकदम भरून आला तर तुमचा सील (पॅड डोक्याला बिनफटीचा टेकणं) खराब आहे, पॅड दबून चपटे झालेत, फाटलेत किंवा चष्म्याची काडी मधे येऊन राहिली आहे. फारसा फरक पडला नाही तर सील ठीक आहे आणि बास कमी वाटण्याचं कारण दुसरीकडे शोधा.

पॅड घेताना मॉडेलचं नाव पाहून लगेच ऑर्डर करू नका. बर्डीवर एका दुकानात मला "सगळ्यांनाच बसते" म्हणून गोल पॅड दिले होते, घरी येऊन पाहतो तर माझा कप लांबट, पॅड ताणून कसाबसा चढला आणि एका बाजूला सुरकुती, तिथूनच बास गळायची. म्हणून जुना पॅड काढून तीन मापं घ्या: कपची बाहेरची लांबी-रुंदी, पॅडच्या आतल्या भोकाची लांबी-रुंदी, आणि जाडी. जाडीसाठी जुना दबलेला पॅड कामाचा नाही, तुमचा कान पाहा. कान आतल्या कापडाला टेकत असला तर तासाभरात कानाच्या पाळीला दुखायला लागते आणि मग लोकं म्हणतात हेडफोन टाइट आहे, खरं तर खोली उथळ असते. ब्रेनवाव्झ, डेकोनी अशा कंपन्यांचे मॉडेलप्रमाणे पॅड ऑनलाइन मिळतात, आणि कंपनीचे ओरिजिनल मिळत असतील तर पहिल्या वेळेस तेच घ्या, कारण हेडफोन त्यांच्यावरच ट्यून केलेला असतो. सोनीचा एमडीआर-7506 1991 पासून स्टुडिओत चालून राहिला आहे, त्याचेही पॅड असेच सुटतात, लोकं पॅड बदलत बदलत तोच हेडफोन वापरत राहतात.

मटेरियलचं म्हणाल तर, साधं रेक्झिन म्हणजे पीयू लेदर: सील चांगला, बास भरपूर, पण आपल्याकडे मार्च ते जून कान उकडून निघतो. मेंढीच्या कातड्याचे पॅड महाग, मऊ, सील त्याहून चांगला, टिकतातही जास्त, पण गरम ते गरमच. वेलूर म्हणजे मखमलीसारखं कापड, घाम शोषून घेते, चिकटत नाही, धुता येते, मात्र कापडातून हवा जाते म्हणून बास उतरते आणि बाहेरचा आवाज जास्त आत येते. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो वेलूरवरच येतो आणि त्यावरच जुळवलेला आहे, तिथं रेक्झिनचा पॅड लावला की बास फुगते. उलट एम50एक्सवर वेलूर लावला की बास बारीक होते. मधला मार्ग म्हणजे हायब्रिड, गालाला लागणारा भाग कापडाचा आणि आतबाहेरच्या भिंती लेदरच्या. मला स्वतःला नागपुरात हाच सगळ्यात पटला. आतला फोम मेमरी फोम असला तर चष्म्याभोवती छान बसते, फक्त तो थंडीत कडक होतो, डिसेंबरच्या सकाळी पहिली पाच मिनिटं आवाज पातळ वाटला तर घाबरू नका, डोक्याच्या उबेनं मऊ होते.

आता बसवायचं काम. टेबलावर पांढरी चादर टाका, पंखा बंद करा. जुना पॅड एका कडेला अंगठ्यानं बाहेर ओढला की त्याच्या मागची पातळ झालर कपच्या खाचेतून सुटते, सोनी वगैरेच्या काही मॉडेलात प्लास्टिकच्या रिंगला लॉक असतात, तिथं ओढायचं नाही, कडेनं सपाट प्लास्टिक घालून टकटक सोडवायचे. काहींना दुतर्फी टेप असतो, तो हळू सोलायचा. पॅड निघाला की जुन्या फोमचा भुगा ड्रायव्हरच्या जाळीवर पडलेला दिसेल. तो फुंकायचा नाही, व्हॅक्यूम लावायचा नाही, ड्रायव्हरचा पडदा इतका पातळ असते की दबून नाहीतर ओढून खराब होते. मास्किंग टेपचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळा आणि हलकेच टिपून घ्या. कपच्या कडेची चिकट घाण आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापड किंचित ओलं करून पुसा, ड्रायव्हरपासून लांब.

नवीन पॅड चढवताना सगळ्यांचा धीर इथंच सुटते. झालरीची एक कड वरच्या बाजूनं खाचेत घाला, तिथं डाव्या अंगठ्यानं दाबून धरा, आणि जुनं एटीएम कार्ड घेऊन त्याच्या गोल कोपऱ्यानं झालर इंच इंच खाचेत सरकवत चला. अर्ध्यावर आल्यावर ती समोरून सुटायला लागते, तेव्हा अजून जोर लावायचा नाही. पॅड पूर्ण धरून कपवर थोडासा गोल फिरवा, म्हणजे खाच स्वतःच झालर ओढून घेते, शेवटचे दोन इंच पटकन आत जातात. पहिल्या वेळेस मला एका पॅडला वीस मिनिटं लागली, आता तीन लागतात. झालर कुठं दुमडली का ते बोट फिरवून पाहा. आणि ज्या पॅडची मागची बाजू जाड असते त्यावर डावा-उजवा लिहिलेलं असते, जाड बाजू कानाच्या मागे येते.

बसवल्यावर मोनो (दोन्ही कानांत सारखाच आवाज असलेलं) काहीतरी ऐका, एखादा माणूस बोलून राहिला आहे असं रेकॉर्डिंग. आवाज डोक्याच्या बरोबर मधे आला पाहिजे. एका बाजूला झुकला तर त्या विरुद्ध बाजूचा पॅड नीट बसला नाही, पुन्हा काढा. हेडफोन लावताना कानात पातळ पत्रा वाकल्यासारखा "कट्" आवाज आला तर तो हवेच्या दाबानं पडदा वाकल्याचा असतो, सील जास्तच घट्ट झाला की होते, लावताना कप झटक्यात दाबू नका.

डोक्याला टाइट होत असेल तर हेडफोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर ताणून ठेवा, रुंदी तुमच्या डोक्यापेक्षा थोडीच जास्त, सकाळी लावून पाहा, गरज पडली तर पुन्हा. डोक्यावरची पट्टी आतून लोखंडी असली तरच, नुसत्या प्लास्टिकची असली तर हात लावू नका. आणि जास्त सैल केलं की सील जाते, हे विसरू नका.

कपच्या आत जायची गरज शंभरातल्या नव्वद लोकांना नाही. पॅड नीट बसल्यावर आठवडाभर ऐका, मग ठरवा. बऱ्याच मॉडेलात पॅडखाली चार फिलिप्स स्क्रू असतात. ड्रायव्हरचं लोहचुंबक स्क्रूड्रायव्हर खस्सकन ओढून घेते, म्हणून ड्रायव्हरवर आधी जाड कागद धरा. कप उघडताना केसासारख्या वायरी असतात, त्या ताणायच्या नाहीत. आत गेल्यावर कपच्या प्लास्टिकवर बोटानं टिचकी मारा. पोकळ "टक" आवाज आला तर ते प्लास्टिक गाण्यासोबत स्वतःही वाजून राहिलं आहे. तिथं कारच्या दारात लावतात तो ब्युटाइलचा डॅम्पिंग शीट नाण्याएवढे तुकडे करून चिकटवा, मग टिचकीला "ठप" येते. भिंतीवर पोस्टर लावायचं टॅक-इट पण लोकं वापरतात, पण आपल्या उन्हाळ्यात ते तेलकट होऊन सरकते, मी काढून टाकलं. शीटची ॲल्युमिनियमची बाजू वायरीच्या सोल्डरच्या टाक्यांना लागू देऊ नका.

मग कापूस. कपाशीच्या मुलखात राहून महागडा फायबर कशाला घ्यायचा, गादीवाल्याकडून मूठभर पिंजलेला कापूस आणा, सरकीचे कण वेचून काढा. कापूस कपातला मागे जाऊन परत येणारा आवाज शोषते, गायकाचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटत असेल तर फरक पडते. पण दोन्हीकडे वजन सारखं पाहिजे. मी छोट्या डिजिटल काट्यावर दोन्हीकडे एक-एक ग्रॅम मोजून घातला आणि मोकळा पसरवला. आधी अंदाजानं घातला होता तेव्हा तानपुरा डावीकडे सरकला होता, मोजून घातल्यावर मधे आला. दाबून भरला की बास दबते. कपवर हवेचं बारीक भोक असेल तर त्यावर मेडिकलमधला मायक्रोपोर टेप अर्धा लावून पाहा, तो श्वास घेतो, सेलोटेप भोक पूर्ण बंद करतो. प्रत्येक हेडफोनवर परिणाम वेगळा, म्हणून एका वेळेस एकच गोष्ट बदला, दोन दिवस ऐका, वहीत लिहा. "स" आणि "श" टोचत असतील तर टिश्यूचा एकच पदर गोल कापून पॅड आणि जाळीच्या मधे ठेवा, तेवढ्यानं धार कमी होते.

वेलूरमुळे गेलेली बास इक्वलायझरनं (आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या ॲपनं) परत आणता येते, विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, अँड्रॉइडवर वेव्हलेट. 100 हर्ट्झच्या खाली 3 डेसिबल वाढवून सुरू करा, आणि आधी एकूण आवाज तेवढाच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटते. तयार प्रीसेट डाउनलोड करणार असाल तर ते ओरिजिनल पॅडवर मोजलेले असतात, पॅड बदलल्यावर ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. नॉइज कॅन्सलिंगवाल्या (बाहेरचा गोंगाट दाबणाऱ्या) ब्लूटूथ हेडफोनमध्ये मात्र आत हात घालू नका, तिथं माइक आणि सर्किट पॅडच्या मापाला जुळवलेले असतात, ओरिजिनल मापाचा पॅड बदला आणि थांबा.

माझ्याकडे आता दोन जोड आहेत. होळीनंतर कूलरच्या ताट्या बदलतो त्याच रविवारी हायब्रिड चढवतो, पाऊस संपून हवा कोरडी झाली की लेदर. काढलेला जोड कोरड्या फडक्यानं पुसून, सिलिका जेलच्या पुडीसोबत झिपच्या पिशवीत, आणि पिशवीवर तारीख. वर काही ठेवत नाही, नाहीतर फोम एका बाजूनं बसते.