जुन्या माउंटन बाइकची अडकलेली सीटपोस्ट

नव्वदच्या दशकातली स्टीलची माउंटन बाइक अडगळीत सापडली, तर रंग आणि गंजाकडे नंतर बघा. आधी सीटपोस्ट, म्हणजे सीट जिच्यावर बसते ती फ्रेममध्ये घुसलेली नळी, हलते का ते तपासा. फ्रेम स्टीलची, पोस्ट बहुधा ॲल्युमिनियमची. मध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरतं, ती फुगते आणि पोस्ट आत जाम होते.

पोस्ट आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढून टाका. सांध्याभोवती पेनेट्रेटिंग ऑइल (फटींत झिरपणारं पातळ तेल) सोडा. मग सायकल उलटी करून सीट ट्यूबवरच्या (पोस्ट जिच्यात बसते त्या फ्रेमच्या नळीवरच्या) बाटली-स्टँडच्या स्क्रूच्या भोकांतूनही थोडं घाला, म्हणजे ते आतल्या टोकापर्यंत उतरेल. दोन-तीन दिवस तसंच राहू द्या, अधूनमधून पुन्हा घाला. घाई इथेच नडते.

नंतर ओढू नका, फिरवा. जुनी सीट काढू नका, तीच धरून डावी-उजवीकडे हलकेच पीळ द्या. कर्र आवाज आला की सुटायला लागली. नाहीच हलली, तर पोस्टचं डोकं बाकाच्या शिकंजात (बेंच व्हाइसमध्ये) आवळून फ्रेम सावकाश फिरवा. पोस्ट गेली तरी चालेल, फ्रेम वाचली पाहिजे.

गॅसची ज्योत मात्र लावू नका. तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरतं, म्हणजे पकड आणखी घट्ट होते, वर रंगही जळतो. उलट पोस्टवर बर्फ धरला तर मदत होते.

नवी पोस्ट घेताना जुन्यावर कोरलेलं माप वाचा. 26.8 आणि 27.2 मिमी दिसायला सारखेच, पण एकाच्या जागी दुसरी चालत नाही. बसवताना ग्रीस भरपूर लावा.