आई-बाबांना घेऊन यलोस्टोनला: ट्रेलर जोडून लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरात उन्हाळ्याला आई-बाबा आले, की यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. विमान, भाड्याची गाडी आणि हॉटेल हा त्याचा रुळलेला मार्ग आहे. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसांना दर दोन तासांनी स्वच्छतागृह लागते, दुपारी घटकाभर आडवे व्हावेसे वाटते आणि रोजचे बाहेरचे खाणे सोसत नाही, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना स्वयंपाकघर, पलंग आणि न्हाणीघर मागे जोडूनच न्यावे ही कल्पना चटकन पटते. शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या नेपरव्हिलहून आय-९० महामार्गाने यलोस्टोन सुमारे १,४०० मैल पडते. आम्ही सहा जणांनी हा प्रवास केला, आणि त्याची तयारी करताना जे शिकावे लागले ते येथे मांडत आहे.

ट्रेलर म्हणजे ट्रकच्या मागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर; स्वतःचे इंजिन असलेली मोटरहोम नव्हे. हा फरक पहिल्याच दिवशी सर्वांना समजावून सांगावा, कारण “आम्ही दोघे मागेच पडून राहू” असे आई-बाबा हमखास म्हणतात. चालत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवण्यास अनेक राज्यांत कायद्याने मनाई आहे, आणि जेथे नाही तेथेही ते करू नये. त्यामुळे ट्रकमध्ये पट्ट्यासह जितक्या जागा, तितकेच कुटुंब.

वजनाचा हिशेब

विक्रेता तुम्हाला ट्रक किती वजन ओढू शकतो तो आकडा सांगेल. तो आकडा खरा असतो, पण सहा माणसांच्या कुटुंबाची अडचण तेथे होत नाही. चालकाचे दार उघडले की चौकटीवर एक पिवळ्या पट्ट्याची चिठ्ठी दिसते. प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक पाउंडांपेक्षा अधिक होता कामा नये, असे तिच्यावर लिहिलेले असते. ट्रेलर ज्या दांड्याने ट्रकवर टेकतो त्या दांड्याचा भारही याच मर्यादेत मोजावा लागतो, आणि ही गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. हा भार भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो.

आमचाच हिशेब पाहा. चिठ्ठीवरची मर्यादा १,६०० पाउंड होती. सहा जणांचे वजन ७६० पाउंड भरले. भार विभागणारी जी हिच (ट्रेलर ट्रकला जोडण्याचा सांधा) आम्ही बसवली होती, ती स्वतःच ९० पाउंडांची. माहितीपत्रकात ट्रेलरचे रिकामे वजन ४,८०० पाउंड होते, पण बॅटरी, गॅसच्या टाक्या, अंथरुणे, भांडी आणि किराणा भरल्यावर ते ६,००० वर गेले. त्याच्या साडेबारा टक्के म्हणजे ७५० पाउंड. बेरीज बरोबर १,६०० झाली, आणि ट्रकमध्ये अजून एकही पिशवी ठेवलेली नव्हती! ओढण्याच्या क्षमतेच्या दृष्टीने मात्र ट्रकला अजून ३,००० पाउंडांची मुभा होती. शेवटी आम्ही भांड्यांची अर्धी पेटी, दोन सायकली आणि आईचा दगडी खलबत्ता घरी ठेवला. खलबत्त्यावरून दोन दिवस अबोला होता, परंतु तो खरोखरच नऊ पाउंडांचा होता.

पाणी हे सर्वांत फसवे सामान आहे. एका गॅलनचे वजन साधारण ८.३ पाउंड असते, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३० पाउंड उगाचच वाहून न्याल. शौचालयापुरते आठ-दहा गॅलन ठेवावेत आणि उरलेले मुक्कामावर भरावे.

सामान लावताना जड वस्तू आसाच्या किंचित पुढे आणि जमिनीलगत ठेवाव्यात. सगळे जड सामान मागच्या टोकाला गेले तर दांड्यावरचा भार घटतो आणि ट्रेलर महामार्गावर शेपटीसारखा डोलू लागतो. डोलणे सुरू झालेच तर ट्रकचा ब्रेक दाबू नये आणि वेगही वाढवू नये; स्टीअरिंग सरळ धरून पाय उचलावा आणि ट्रेलरचा ब्रेक हाताने हलकेच लावावा. हे वाचून पाठ होत नाही. त्यासाठी ट्रकमधला ट्रेलर-ब्रेकचा खटका कोठे आहे हे हाताला न पाहता कळले पाहिजे.

अंदाजावर न थांबता सगळे कुटुंब बसवून आणि सगळे सामान भरून ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्यावर जावे. तेथे प्रत्येक आसाचे वजन वेगळे छापून मिळते. एकदा हिचच्या भार विभागणाऱ्या पट्ट्या सैल ठेवून ट्रेलरसह आणि एकदा ट्रेलर सोडून वजन करावे. ट्रकच्या दोन्ही आसांवर मिळून जी वाढ दिसते तोच दांड्याचा भार. मग पट्ट्या ताणून तिसऱ्यांदा वजन करावे, म्हणजे पुढच्या चाकांवर पुरेसा भार परत आला की नाही ते कळते. खर्च किरकोळ आहे, आणि काट्यावर उभे राहण्याची मुलांना फार मौज वाटते.

हिवाळ्यातून बाहेर काढताना

इलिनॉयसारख्या थंडीच्या राज्यात नळ गोठू नयेत म्हणून हिवाळ्यापूर्वी पाइपांत गुलाबी रंगाचे अँटीफ्रीझ भरून ठेवतात. वसंतात ते धुऊन काढावे. नंतर दर १५ गॅलन पाण्याला पाव कप साधे ब्लीच या प्रमाणात टाकीत घालून, प्रत्येक नळातून वास येईपर्यंत ते खेळवावे, काही तास ठेवावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे. पाणी तापवण्याच्या टाकीकडे जाणारी वाट हिवाळ्यात बंद केलेली असते, ती उघडायला विसरू नये. रिकाम्या टाकीत विजेचा हीटर चालू केला तर त्यातली कॉइल मिनिटा-दोन मिनिटांत जळते. आमची जळली आहे.

टायरकडे पाहताना नक्षीवर विश्वास ठेवू नये. ट्रेलरचे टायर झिजण्यापूर्वीच उभ्या उभ्या म्हातारे होतात. बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार आकडे वाचावेत: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षे झाली असतील तर नक्षी कितीही नवी दिसली तरी टायर बदलावेत, बाजूला ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर, म्हणजे खास ट्रेलरसाठीचे) लिहिलेलेच घ्यावेत आणि हवा सकाळी, चाके थंड असताना भरावी. चाके काढून बसवली असतील तर नट टॉर्क पान्याने आवळावेत आणि पहिल्या १०, २५ व ५० मैलांनंतर थांबून पुन्हा तपासावेत.

गॅसच्या जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. धूर आणि गॅस यांचे इशारे देणारी यंत्रे चालू आहेत याची खात्री करावी. आपल्या घरी धुराच्या यंत्राची परीक्षा फोडणीने होते. जिरे तडतडताच ते किंचाळू लागते, म्हणून आधी छताचा पंखा सुरू करावा आणि मग तेल तापत ठेवावे.

मार्ग आणि मुक्काम

ट्रेलरवाल्यांत तीनाचा एक नियम चालतो: दिवसाला ३०० मैलांपेक्षा अधिक नको, दुपारी तीनच्या आत मुक्कामावर पोहोचावे आणि जमल्यास तीन रात्री एका जागी राहावे. आई-बाबा बरोबर असतील तर ३०० चे २५० करावेत. साउथ डकोटात आय-९० वर ताशी ८० मैलांची पाटी दिसते, परंतु ती पाटी आपल्यासाठी नाही असे समजून ६० ते ६५ ठेवावेत. तेथील मोकळ्या माळावरचा आडवा वारा अकरा फूट उंचीच्या पेटीला कसा ढकलतो, हे एकदा कळले की घाई आपोआप कमी होते. डिझेल वा पेट्रोलचा खर्च दुप्पट धरून चालावा.

मार्ग आखताना फोनमधल्या नकाशावर अवलंबून राहू नये. त्याला तुमच्या ट्रेलरची उंची ठाऊक नसते आणि घाटही दिसत नाहीत. वायोमिंगमध्ये बिगहॉर्न पर्वत ओलांडायला तीन रस्ते आहेत. त्यांपैकी यूएस-१४-ए वर दहा टक्क्यांचा उतार आहे आणि ट्रेलर घेऊन तेथे जाऊ नये. बफेलो गावातून निघणारा यूएस-१६ पावडर रिव्हर खिंडीत ९,६६६ फुटांपर्यंत चढतो खरा, पण त्याचा चढ आणि उतार दोन्ही त्या मानाने सौम्य आहेत. उतरताना खालचा गिअर आधीच घ्यावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी या तिन्ही सोयी असलेला मुक्काम एकच आहे, तो म्हणजे फिशिंग ब्रिज. त्या भागात ग्रिझली अस्वले वावरत असल्यामुळे तेथे तंबू किंवा कापडी भिंतींचे ट्रेलर चालत नाहीत. आरक्षण जवळजवळ वर्षभर आधी करावे लागते, त्यामुळे आई-बाबांची विमानाची तिकिटे नंतर काढावीत आणि जागा आधी मिळवावी. ठिकाण सुमारे ७,८०० फुटांवर आहे. तेथे पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसला उकळते आणि तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. कुकर न्यावाच. विजेची जोडणी ३० अँपिअरची असेल तर एकूण ३,६०० वॉट मिळतात, म्हणजे १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी आणि वातानुकूलन यंत्र यांच्या जोडीला मायक्रोवेव्ह लावला की वीज गेलीच.

खाण्याच्या बाबतीत थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि डिंकाचे लाडू एवढे बरोबर असले की साउथ डकोटा सुखाने पार होतो. औषधे, चष्मे, पासपोर्ट आणि आई-बाबांच्या विम्याची कागदपत्रे मात्र ट्रेलरमध्ये न ठेवता ट्रकमध्ये हाताशी ठेवावीत.

दोन रंगीत तालमी

पहिली तालीम घरासमोर करावी. एक रात्र सगळ्यांनी ट्रेलरमध्येच झोपावे, तेथेच स्वयंपाक करावा, शौचालय वापरावे आणि घरात पाऊल टाकायचे नाही असा नियम ठेवावा. वरच्या बर्थवर कोण चढू शकत नाही आणि रात्री दिव्याचे बटण कोणाला सापडत नाही, हे सगळे तेथेच कळते. दुसरी तालीम सुटीच्या सकाळी एखाद्या शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये करावी. ताशी २० मैल वेगात असताना ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून पाहावा. ट्रेलरने ठामपणे मागे ओढले पाहिजे, पण चाके अडकून घसरता कामा नयेत. मग मागे घेण्याचा सराव करावा. हात स्टीअरिंगच्या तळाशी धरला, तर हात ज्या बाजूला जाईल त्याच बाजूला ट्रेलरचे मागचे टोक जाते. मागे उभे राहून दिशा सांगणारी व्यक्ती एकच असावी. आमच्याकडे बाबा, पत्नी आणि शेजारी असे तिघे एकाच वेळी हातवारे करत होते, आणि त्या सकाळी एका कचऱ्याच्या डब्याचा बळी गेला.

निघण्याची सकाळ

फ्रिज आदल्या दिवशीच चालू करून ठेवावा, कारण गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला गार व्हायला बारा तास सहज लागतात. सकाळी जोडणी करताना कोणाशीही बोलू नये. मध्येच चहा आला तर यादी पहिल्यापासून वाचावी. हिचचा गोळा खोबणीत बसून खटका लागला, की जॅकने दांडा किंचित वर उचलून पाहावा. ट्रकचा मागचा भाग त्याबरोबर उचलला गेला तरच जोड पक्का आहे. साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन लावाव्यात. ट्रेलर निसटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार ट्रकला स्वतंत्र अडकवावी, साखळीला नव्हे. सात पिनांचा प्लग लावून एकाने मागे उभे राहावे आणि दोन्ही इंडिकेटर व ब्रेकचे दिवे पाहावेत. पायरी, छताच्या खिडक्या, फ्रिजची कडी, गॅसच्या टाक्यांच्या चाव्या आणि सगळ्यांत शेवटी चाकांखालच्या अडणी: हे सर्व पाहत ट्रेलरभोवती दोन फेऱ्या माराव्यात, एक उजवीकडून आणि एक डावीकडून.

नारळ फोडायचा असेल तर अवश्य फोडावा, पण करवंटीचे तुकडे झाडून टाकावेत.

पहिला टप्पा मुद्दाम लहान ठेवावा. शिकागोची गर्दी टाळण्यासाठी आम्ही आय-८८ ने पश्चिमेला जाऊन आय-३९ धरला आणि मॅडिसनमार्गे विस्कॉन्सिनमधील मिरर लेक स्टेट पार्कमध्ये थांबलो. अंतर सुमारे १८० मैल. वीस मैलांवर पहिला थांबा घेऊन चारही चाकांच्या मध्याजवळ हाताचा पंजा नेऊन पाहावा. कोमट असणे ठीक. एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर तेथील बेअरिंग किंवा ब्रेक दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुक्कामावर आधी डावी-उजवी पातळी फळ्यांवर चढवून साधावी, मग अडणी लावाव्यात, मगच ट्रक सोडावा आणि पुढची-मागची पातळी जॅकने करावी. कोपऱ्यांचे पाय फक्त डुगडुग थांबवण्यासाठी असतात, त्यांनी ट्रेलर उचलू नये. पिण्याच्या पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी वेगवेगळ्या पेट्यांत ठेवाव्यात, आणि शौचालयाच्या टाकीची झडप जोडणी असली तरी बंदच ठेवावी. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर एकदम उघडली की सगळे वाहून जाते, अन्यथा पाणी निघून जाते आणि घट्ट ते मागे उरते. त्या कामाचे हातमोजे वेगळे असावेत आणि ते काम कोणाचे, हे घरी असतानाच ठरवून घ्यावे.