पोरगं सारखं शाळा बुडवतंय? आधी कॅटलॉग आडवा वाचा

झेडपी शाळेवर नवीन आलेल्या सर-मॅडमसाठी लिहितोय. आपण रोज कॅटलॉगची, म्हणजे हजेरीपटाची, उभी बेरीज मारतो, पट ३२ हजर २९, खिचडीचा आकडा भरला की झालं. पण ते तिघं रोज वेगळे की तेच ते, हे उभ्या बेरजेत दिसतच नाही, म्हणून महिनाअखेरीला एकेका पोराची ओळ आडवी बघायची. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवी वर्षाला २०० दिवस, म्हणजे महिन्याला दोन खाडे पडले तरी वर्षाचे वीस गेले, दहा टक्के! महिन्याला दोन कुणालाच खटकत नाहीत, तिथंच घोळ आहे.

आडवं बघितलं की वार सापडतो. दर बुधवारी खाडा आणि गावचा बाजारही बुधवारीच, मग समजायचं आई बाजारला आणि पोरगी धाकट्याला घेऊन घरी. धाकटं तीन वर्षांचं झालं असेल तर अंगणवाडीच्या ताईंशी आपणच बोलायचं, त्याहून लहान असेल तर बहिणीजवळ वर्गात बसू द्या, मी देतो बसू, साहेब आले तर बघू.

कापूस वेचणीला सलग आठवडा जातो, तिथं सांज करून घरी जाऊन आईबापाशी बोलण्याला पर्याय नाही. दुपारी गेलात तर कुलूपच दिसणार.

ऊसतोडीचं मात्र दिवाळीनंतर बघू म्हणालात तर गेलं. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, टोळी निघाली की पोरंही निघाली. सप्टेंबरातच विचारा कोण जाणार, पोरांना ठेवायला आजी-आजोबा आहेत का. असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय घेऊन हंगामी वसतिगृहाचा (आईबाप ऊसतोडीला गेले तरी गावात राहणाऱ्या पोरांच्या सोयीचा) प्रस्ताव लगेच टाका, म्हणजे पोरांच्या जेवणाचा भार म्हातारीवर पडत नाही. जाणारच असतील त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसता येतं, बापाचा आणि मुकादमाचा नंबर घ्या, कारखान्याजवळच्या शाळेत बसलं का ते फोन करून विचारा, आणि पटावरून नाव अजिबात कमी करू नका.

भत्त्याच्या आमिषाचं राहू द्या, मुलींना हजेरीचा रोज एक रुपया १९९२ ला सुरू झाला तेव्हा त्याला किंमत होती.

आणि हो, खाडा करून आलेल्या पोराला सगळ्यांसमोर झापू नका. कालचं गणित शेजारच्याकडून उतरवायला लावा आणि पुढं शिकवा.