भरतीसाठी पॉडकास्ट करताय? गोव्यातल्या कंपन्यांनो, या चुका टाळा

वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत मी भरतीचं काम पाहत होतो, तेव्हा आम्ही पहिला पॉडकास्ट काढला. चार भाग केले. पहिल्यात संचालक, दुसऱ्यात कारखान्याचे प्रमुख, तिसऱ्यात मी स्वतः, चौथ्यात पुन्हा संचालक. सगळे मिळून जवळजवळ तीन तास. पुढच्याच महिन्यात वाळपईची एक मुलगी मुलाखतीला आली. भाग ऐकून आली होती. तिने एकच विचारलं: "दुसरी पाळी सुटल्यावर कंपनीची बस कुठपर्यंत सोडते?" तीन तासांत याचं उत्तर कुठेच नव्हतं.

त्यानंतर मी हॉटेलं, छोटे कारखाने, आयटी कंपन्या अशा अनेकांना पॉडकास्ट करायला मदत केली. चुका बहुतेक त्याच असतात, आणि वेळीच कळल्या तर बऱ्याचशा सुधारता येतात.

साहेबांपासून सुरुवात

ही सगळ्यात मोठी चूक. 'एम्प्लॉयर ब्रँड', म्हणजे नोकरी देणारी म्हणून कंपनीची ओळख, ही कल्पना टिम अँब्लर आणि सायमन बॅरो यांनी 1996 साली मांडली, तेव्हाच त्यांनी नोकरीतून मिळणाऱ्या फायद्यांचे तीन भाग केले होते: कामाशी संबंधित, पैशाचे आणि मनाला मिळणारे. आपले पॉडकास्ट तिन्ही सोडून कंपनीच्या इतिहासात अडकतात. स्थापना कधी झाली, उलाढाल किती, निर्यात कुठे होते. पिसुर्ल्याहून किंवा धारबांदोड्याहून रोज येणार असलेल्या मुलाला आधी हे कळायला हवं की सकाळी घरातून किती वाजता निघावं लागेल.

माइकसमोर दोन-तीन वर्षं काम केलेला माणूस बसवा. क्वालिटी कंट्रोलमधली केमिस्ट, पॅकिंग लाइनवरचा ऑपरेटर, हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमधला मुलगा. त्यांना "इथलं वातावरण कसं आहे?" असं विचारू नका. "खूप छान आहे, सगळे फॅमिलीसारखे आहेत" हेच उत्तर येणार, आणि ऐकणारा तिथेच बंद करणार. त्याऐवजी विचारा: काल कामावर काय झालं? पहिल्या महिन्यात सगळ्यात कठीण काय गेलं? काम कोणी शिकवलं? पगार कितव्या तारखेला जमा होतो? खोली घेऊन राहत असाल तर भाडं किती जातं? चवथीला किती दिवस रजा मिळाली?

आणि त्यांचा सुपरवायझर त्या खोलीत नको. तो नुसता कोपऱ्यात बसला तरी आवाज बदलतो, हे मी पुन्हा पुन्हा ऐकलंय. प्रश्न विचारायलाही दुसऱ्या खात्यातलं कोणीतरी बसवा.

अवघड बाजू गाळणे

संपादन करताना एचआरचा हात इथेच चालतो. रातपाळीचा उल्लेख कापा, क्लीनरूमच्या (औषध बनवायच्या निर्जंतुक खोलीच्या) गाऊनमध्ये आठ तास उभं राहावं लागतं ते कापा, हॉटेलमध्ये ऑक्टोबरनंतर हंगाम चढला की रजा मिळणं मुश्कील होतं तेही कापा. मग माणूस रुजू होतो, पहिल्या पंधरवड्यात सगळं कळतं आणि तो न सांगता यायचं थांबवतो. ती जागा पुन्हा भरायचा खर्च कंपनीच्याच माथी.

खरं सांगितलं तर कोणी येणारच नाही, ही भीती मला समजते. पण जॉन वानस यांनी 1973 साली अमेरिकेत टेलिफोन ऑपरेटरांच्या भरतीवर केलेला अभ्यास वेगळं सांगतो. ज्या उमेदवारांना कामाची खरी बाजू आधी दाखवली, त्यांनी नोकरी नाकारण्याचं प्रमाण वाढलं नाही, आणि रुजू झाल्यावर सोडून जाण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आले. माझा अनुभवही तसाच आहे. एका ऑपरेटरने सांगितलं होतं, "रातपाळयेक सुरवातीक न्हीद येताली, मागीर संवय जाली." ते वाक्य आम्ही ठेवलं. मुलाखतीला आलेल्यांनी सगळ्यात जास्त विचारलं ते त्याबद्दलच, आणि जे आले ते रातपाळीची मनाची तयारी करून आले.

इथेच आणखी एक सांभाळा. बोलण्याच्या ओघात कोणी "सहा महिन्यांत कायम करतात" म्हणून गेला आणि नेमणूक पत्र कंत्राटदाराच्या नावाने निघालं, तर तो भाग तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून गावभर फिरेल. पगार, पाळी, बस आणि कायम होण्याबद्दलचं प्रत्येक वाक्य प्रसिद्ध करण्याआधी नेमणूक पत्राच्या मसुद्याशी ताडून पाहा.

भाषेचा हट्ट

कंपनीचा कारभार इंग्रजीत, म्हणून पॉडकास्टही इंग्रजीत. किंवा मग मराठीत करायचं ठरवलं की पाहुण्याला छापील मराठी बोलायला लावायचं. दोन्ही नको. डिचोली, सत्तरी, पेडण्यातली मुलं घरी कोंकणी बोलतात, वर्तमानपत्र मराठी वाचतात आणि मुलाखत इंग्रजीत देतात. पाहुणा कोंकणीत उत्तर देत असेल तर देऊ दे. सूत्रसंचालकाने मराठीत विचारलं आणि त्याने कोंकणीत सांगितलं, तर इथे कोणालाही अडचण येत नाही. उलट माणूस मोकळा होतो.

भाषेचा विचार घरच्यांसाठीही करा. आपल्याकडे मुलीने वेर्ण्याला दुसऱ्या पाळीत काम करायचं की नाही, हे ती एकटी ठरवत नाही. आई-वडिलांना सरकारी नोकरीची आस असते, खासगी कंपनीबद्दल धास्ती असते. त्यांना समजेल अशा भाषेतला एक तरी भाग असू द्या, ज्यात तिथे काम करणाऱ्या मुलीची आई बोलते. मी केलेल्यांपैकी सगळ्यात जास्त पुढे पाठवला गेलेला भाग हाच होता.

फर्मागुढीच्या आयआयटीतल्या किंवा झुआरीनगरच्या बिट्समधल्या विद्यार्थ्यांना घ्यायचं असेल, तर तो पॉडकास्ट वेगळा. त्यांना प्रकल्प, तंत्रज्ञान, पुढे शिकायची संधी यांबद्दल ऐकायचं असतं. आयटीआयचा फिटर आणि संगणक अभियंता यांना एकाच भागात बांधलं की दोघांनाही ते आपलं वाटत नाही.

आवाज घुमतोय, पाऊस ऐकू येतोय

काचेच्या भिंतींची कॉन्फरन्स रूम दिसायला चांगली, पण रेकॉर्डिंगला सगळ्यात वाईट. आवाज काचेवर आपटून परत येतो, आणि एकदा घुमलेला आवाज नंतर सॉफ्टवेअरने नीट साफ होत नाही. जाड पडदे असलेली किंवा फायलींच्या कपाटांनी भरलेली छोटी खोली शोधा. जून ते सप्टेंबर पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंग ठेवूच नका.

माइक डायनॅमिक प्रकारचा घ्या. कंडेन्सर माइक बारीकसारीक आवाज टिपतो, त्यात एसीची घरघरही येते. तोंड आणि माइकमध्ये एका मुठीचं अंतर पुरे. दोघांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्या, म्हणजे एकाचा खोकला दुसऱ्याचं वाक्य खात नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, कारण वीज गेली की यूपीएस वाजायला लागतो. शेवटी आवाजाची पातळी सगळ्या भागांत सारखी ठेवा. ॲपल पॉडकास्ट्स ती उणे 16 एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास ठेवायला सांगतं. एक भाग हळू आणि दुसरा कर्कश असेल तर बसमध्ये इअरफोन लावून ऐकणारा वैतागतो.

फाइल मोनोमध्ये (एकाच चॅनेलवर), 64 केबीपीएसच्या दर्जावर केली तर 20 मिनिटांचा भाग 10 एमबीच्या आत बसतो. गावात नेटवर्क कमी असेल तिथे याचा फार उपयोग होतो.

फीडची चावी भलत्याच्या हाती

पॉडकास्ट ॲपवर दिसतो तो आरएसएस फीडमुळे, म्हणजे ॲपना नवे भाग कळवणाऱ्या यादीमुळे. ती फीड ज्या ईमेलवर उघडली, तोच तिचा मालक. बऱ्याच कंपन्यांत हे काम एखाद्या ट्रेनीने स्वतःच्या जीमेलवरून केलेलं असतं. तो सोडून गेला की कव्हर बदलता येत नाही, चुकीचा भाग काढता येत नाही. आजच तपासा. ईमेल कंपनीचा असावा, आणि पासवर्ड किमान दोघांकडे. होस्टिंग (फाइली ठेवायची सेवा) बदलायचं असेल तर जुन्या फीडवरून नव्या फीडवर 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) लावून घ्या, नाहीतर आहेत ते श्रोतेही तुटतात.

पोस्टरवर एकाच ॲपची लिंक छापू नका. गूगल पॉडकास्ट्स 2024 साली बंद झालं. ज्यांनी फक्त तीच लिंक दिली होती, त्यांची पोस्टरं वाया गेली. क्यूआर कोड स्वतःच्या संकेतस्थळावरच्या पानाचा द्या, आणि सगळ्या ॲपच्या लिंका त्या पानावर ठेवा.

लेखी संमती, संगीत

बोलणाऱ्याची लेखी संमती घ्या, आणि तो नोकरी सोडून गेला तर भाग ठेवायचा की काढायचा हेही त्यातच लिहा. चित्रपटातल्या गाण्याचा तुकडाही परवानगीशिवाय वापरू नका. औषध कंपनीत उत्पादनाचा तपशील निसटलाय का, हे क्यूएकडून (गुणवत्ता खात्याकडून) तपासून घ्या.

डाऊनलोड मोजत बसणे

आयएबी या डिजिटल जाहिरात क्षेत्रातल्या संघटनेच्या मापदंडानुसार किमान एक मिनिटाचा आवाज उतरला की डाऊनलोड धरतात, आणि एकाच आयपी पत्त्यावरून, एकाच ॲपने 24 तासांत पुन्हा उतरवलेला मोजत नाहीत. त्यामुळे ऑफिसच्या वायफायवर पन्नास जणांनी ऐकलं तरी आकडा छोटा दिसू शकतो. तो पाहून पॉडकास्ट बंद करू नका, आणि मोठा दिसला म्हणून हुरळूनही जाऊ नका. अर्जात एक प्रश्न घाला: "आमच्याबद्दल कुठे ऐकलंत?" मुलाखतीत विचारा, कोणत्या भागातलं काय लक्षात राहिलं. सहा महिन्यांनी पाहा, ऐकून आलेल्यांपैकी किती जण अजून कामावर आहेत.

लोकांपर्यंत पोहोचायला पूर्ण भागापेक्षा एका मिनिटाचा तुकडा व्हॉट्सॲपवर जास्त चालतो. आयटीआयच्या सूचना फलकावर क्यूआर कोड लावायची परवानगी मागा, बहुतेक ठिकाणी मिळते.

भागाच्या शेवटी दिलेला नंबर कोणाकडे आहे, तेही पाहा. एका ठिकाणी तो फोन एचआरच्या ड्रॉवरमध्ये पडून होता, आणि त्यावर आलेले संदेश तीन आठवडे कोणी उघडलेच नव्हते. कंपनीच्या बसचा मार्ग किंवा वेळ बदलली तर त्याच दिवशी भागाचं वर्णन बदला. ऐकून येणारा माणूस त्या वेळेला थांब्यावर उभा राहणार आहे.