टेबल सॉला पातळ ब्लेड लावायचं की जाड?

नागपूरच्या लकडगंजात टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून वर येणाऱ्या गोल करवतीचं, ब्लेड घ्यायला गेलं की आपण साइज सांगतो, दाते सांगतो, भाव करतो आणि जाडीचं विचारायचंच राहून जातं. १० इंची ब्लेडमध्ये जाड म्हणजे साधारण ३.२ मिमीचा काप, पातळ म्हणजे २.४ च्या आसपास. ही जाडी दात्याच्या टोकाची बरं का, ब्लेडचा बाकी पत्रा याहून बारीकच असतो.

पहिले मशीनवर मोटरची ताकद लिहिलेली पट्टी वाचा. ३ एचपी किंवा वर असेल तर जाड बिनधास्त लावा. पण घरच्या सॉकेटवर चालणारी दीड-दोन एचपीची असेल तर पातळच घ्या, कारण जाड ब्लेडला एक तृतीयांश जास्त लाकूड उडवावं लागतं, मग मोटर दबते, स्पीड पडतो, अन् सागवानाची कड काळी पडते.

मग कापायचं काय ते पाहा. दोन इंची सागवान उभं चिरायचं असेल तर २४ दात्यांचं जाड ब्लेड सरळ चालतं, पातळ गरम झालं की थरथरतं आणि काप लहरी येतो, म्हणून पातळ असेल तर घाई करू नका, ब्लेडवरचा लाकडाचा डिंक साफ ठेवा. पण आलापल्लीचं महागाचं सागवान असेल तर हिशोब फिरतो ना भाऊ, दहा काप मारले की पातळ ब्लेडनं ८ मिमी लाकूड वाचतं, म्हणजे एक बारीक पट्टीच निघते! प्लायला हे काही लागू नाही, तिथं ६० च्या वर दाते पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्लेडच्या मागं जो रायविंग नाइफ, म्हणजे कापलेली फट उघडी ठेवणारी पात, असतो तो पत्र्यापेक्षा जाड आणि कापापेक्षा बारीक पाहिजे. नाइफ २.५ चा आणि ब्लेड २.४ चं असलं तर लाकूड तिथंच अडकणार. मग लोक नाइफच काढून ठेवतात, ते मात्र करू नका, लाकूड उलटं अंगावर येतं. त्यापेक्षा दुकानात जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन जा. मधलं भोक आणि ब्लेडवरचा आरपीएमही (मिनिटाला फेरे) तिथंच पाहून घ्या, मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी लिहिला असेल तर घेऊच नका.

ब्लेड बदलताना प्लग काढा. जाड काढून पातळ लावलं तर फेन्सच्या (लाकूड टेकवायच्या आडपट्टीच्या) स्केलवर विसंबू नका, एक रद्दी तुकडा कापून मोजा. आणि टेबलात ब्लेडभोवती बसणाऱ्या जुन्या पट्टीची फट जाड ब्लेडनं रुंद झालेली असते, ती पट्टी नवीन टाका, नाहीतर प्लायच्या चिपा निघतातच.