काच पाण्यात विरघळते, घरी करून बघा

काच पाण्यात विरघळत नाही असं आपण सगळेच धरून चालतो पण ती विरघळते, फक्त इतकी हळू की कुणाच्या लक्षात येत नाही. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. हायस्कूलमधली मुलं असतील घरात तर त्यांना नक्की दाखवा, काच फोडताना मात्र मोठं माणूस सोबत पाहिजेच.

सामान असं, बिनरंगाची साधी फुटकी बाटली किंवा खिडकीच्या काचेचा तुकडा, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, चिनी मातीचा खल आणि फिनॉल्फ्थॅलिन (अल्कलाइन म्हणजे अल्कधर्मी पाण्यात गुलाबी होणारं रसायन), हे दोन्ही शाळांना लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. फुटलेली बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या लॅबच्या काचेची) टेस्ट ट्यूब मिळाली तर फारच छान. नळाचं पाणी घेऊ नका, त्यात आधीच क्षार असतात, मग रंग नेमका कशामुळे आला ते सांगता येत नाही.

गॉगल आणि मास्क लावा. काच जाड फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा, मग बारीक तुकडे खलात घेऊन थोडं पाणी घाला आणि ओलंच वाटा, कोरडं वाटलं तर भुकटी उडते आणि ती छातीत जाणं वाईट. आता फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाका, पाणी गुलाबी होतं. शेजारी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये तेवढेच थेंब टाकून ठेवा, तिथे काही होत नाही. बोरोसिलिकेट तसंच वाटून बघितलं तर रंग खूप फिका येतो किंवा येतच नाही. तो खल परत खाण्याच्या कशालाही वापरायचा नाही.

झालं काय, तर साध्या काचेत सोडियम असतो, पाण्यातला हायड्रोजन आयन आत शिरतो आणि सोडियम बाहेर पडतो, म्हणून पाणी अल्कलाइन होतं. काचेत मागे उरतो तो पाणी धरलेला पातळ थर. वाटल्यामुळे पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो म्हणून हे मिनिटांत दिसतं, एरवी वर्षं लागतात.

पुढची पायरी जास्त महत्त्वाची आहे. पाणी सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉनची साखळीच तोडतं आणि सुटलेला सिलिका, म्हणजे काचेचा मुख्य घटक, सिलिसिक अॅसिड होऊन पाण्यात जातो. शुद्ध सिलिका काचेत सोडियमच नाही, तिथे फक्त हीच वाट असते, म्हणून ती इतकी टिकते. तरी २५ अंशांना लिटरभर पाण्यात तिचा साधारण १००-१२० मिलिग्रॅम सिलिका मावतो, क्वार्ट्झचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचा, त्याच्या दहाव्या भागाच्या आसपासच. पाण्याचा पीएच ९ च्या वर गेला, म्हणजे ते बऱ्यापैकी अल्कलाइन झालं, की मात्र हे प्रमाण झपाट्याने वाढतं.

आणि म्हणूनच वाहत्या पाण्यापेक्षा अडकलेलं थोडं पाणी काचेला जास्त घातक. वाहतं पाणी सोडियम धुऊन नेतं, पण कोकणात पावसाळ्यात एकावर एक रचलेल्या काचांच्या मधे जो ओलावा साचतो तो तिथेच अल्कलाइन होत जातो आणि काच कुरतडत बसतो. काचा ठेवायच्या तर उभ्या, मधे कोरडा कागद घालून, हवा खेळेल अशा ठेवा आणि ओल्या झाल्या तर त्याच दिवशी पुसा.

हा प्रश्न जुना आहे बरं का. पाणी उकळत ठेवलं की तळाला माती दिसते, म्हणजे पाण्याची माती होते असं लोक मानायचे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने काचेच्या बंद भांड्यात १०१ दिवस पाणी तापवलं, भांड्याचं वजन कमी झालेलं दाखवलं आणि १७७० मध्ये सांगून टाकलं की ही माती काचेतून आलीय.

निसर्गातली काच बघायची असेल तर नर्सरीतून मूठभर परलाइट (कुंडीच्या मातीत मिसळतात ते पांढरे हलके दाणे) आणा. ज्वालामुखीच्या काचेने हजारो वर्षांत पाणी शोषून घेतलेलं असतं, २ ते ५ टक्के, असा दगड ९०० अंशांच्या आसपास तापवला की आतल्या पाण्याची वाफ होऊन तो लाहीसारखा फुलतो. ऑब्सिडियनच्या, म्हणजे काळ्या ज्वालामुखी काचेच्या, हत्यारांवरचा असाच ओला थर मायक्रोस्कोपखाली मोजून त्यांचं वय काढायची पद्धत फ्रीडमन आणि स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६० मध्ये मांडली. थराची वाढ तापमानावर आणि काचेच्या घडणीवर अवलंबून असते, त्यामुळे एका जागेचा हिशोब दुसरीकडे लावता येत नाही. तारापूरला अणुभट्टीचा कचरा बोरोसिलिकेट काचेत ओततात, तिथेही शेवटी हाच विचार करावा लागतो की पाणी लागलं तर ही काच किती टिकेल.

आता घरातल्या धुरकट ग्लासांचं. व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, धुरकटपणा गेला तर तो पाण्यातल्या क्षारांचा थर होता. नाही गेला, वाळल्यावर परत तसाच दिसला तर काचच झिजलीय. डिशवॉशरमध्ये गरम आणि अल्कलाइन पाण्याने हे हमखास होतं. मग कितीही घासून उपयोग नाही, सेरियम ऑक्साइडने (काच पॉलिश करायची पूड) पॉलिश केलं तर थोडी चकाकी येते, पण खोल झिजलेल्या ग्लासासाठी तेवढी मेहनत घेऊ नका.