डॉकिंग शिकताय? आधी जुनंच औषध बसवून बघा

संध्याकाळी लक्ष्मी रोडवर ज्याने दुचाकी लावली आहे, त्याला डॉकिंग वेगळं समजवावं लागत नाही. फट हेरायची, गाडी तिरकी करायची, हँडल वळवून मागेपुढे करत बसवायची. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत असाच बसवून बघायचा, फक्त संगणकावर. (सम-विषम तारखेची भानगड इथे नाही.) ‘परम’ महासंगणक पुण्याच्या सी-डॅकने बनवला खरा, पण या कामाला कॉट बेसिसच्या खोलीतला लॅपटॉप पुरतो.

ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट मिळतं. प्रथिनाची रचना प्रोटीन डेटा बँकेतून उतरवा. १९७१ साली सुरू झालेलं हे भांडार सगळ्यांना खुलं आहे. पहिल्यांदा ‘१एचएसजी’ ही नोंद निवडा. एचआयव्ही विषाणूचं प्रोटिएज हे प्रथिन आणि त्याच्या खाचेत आधीच बसलेलं इंडिनॅव्हिर हे औषध, दोन्ही त्यात आहेत. म्हणजे उत्तर मागच्या पानावर छापलेलं गणित!

इंडिनॅव्हिर कापून वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा, पुढे ताळ्याला लागेल. पाण्याचे रेणू काढून टाका. क्ष-किरणांनी काढलेल्या रचनेत हायड्रोजन सहसा दिसत नाहीत, ते भरा. मग प्रथिन आणि औषध दोन्ही पीडीबीक्यूटी या व्हिनाला लागणाऱ्या फाइल-स्वरूपात बदला. कंटाळवाणं काम आहे, पण चुका बहुतेक इथेच होतात.

आता व्हिनाने जिथे शोधायचं तो खोका आखा: केंद्राचे x, y, z निर्देशांक साधारण १६, २५, ४ आणि प्रत्येक बाजू २५ अँगस्ट्रॉम (अणूंची अंतरं मोजायचं एकक). ‘बघू कुठे बसतंय ते’ म्हणून अख्खं प्रथिन खोक्यात घेऊ नका. शोध पातळ होतो. ‘एक्झॉस्टिव्हनेस’ म्हणजे शोध किती कसून करायचा तो आकडा; मुळात ८ असतो, तो ३२ करा आणि चहा पिऊन या.

परत आल्यावर जास्तीत जास्त नऊ मांडण्यांचा तक्ता दिसेल, किलोकॅलरी प्रति मोलमध्ये. आकडा जितका ऋण, तितकी पकड चांगली, असा व्हिनाचा अंदाज. इथेच लोक स्क्रीनशॉट काढून मोकळे होतात. थांबा. पहिली मांडणी जपून ठेवलेल्या इंडिनॅव्हिरवर ताडून पाहा. दोघांतला आरएमएसडी (जुळणाऱ्या अणूंमधलं सरासरी अंतर म्हणा) २ अँगस्ट्रॉमच्या आत आला, तर तुमची तयारी बरोबर. प्रथिनाचे दोन अर्धे सारखेच असल्याने रेणू कधी उलटा बसून आकडा मोठा येतो, तेव्हा चित्रही डोळ्यांनी बघा. तरीही जमलं नाही तर काढलेल्या पाण्यातला एक रेणू परत ठेवून बघा: प्रथिनाची खाचेवर येणारी झाकणं आणि औषध यांच्यामध्ये पूल बांधणारा.

हा ताळा जमल्यावरच आपला रेणू घ्या. हळदीतलं कर्क्युमिन अनेकांना मोह पाडतं. बऱ्याच प्रथिनांत ते छान गुण मिळवतं, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. व्हिनाच्या अंदाजातली चूकच सरासरी दोन-तीन किलोकॅलरींची असते, तेव्हा −८.२ आणि −८.९ यांवरून भांडू नका. त्यापेक्षा मुळीच बसू नये असा एखादा रेणूही सोबत चालवा. त्यालाही तितकेच गुण मिळाले, तर तुमच्या लाडक्या रेणूचा आकडा बाजूला ठेवा.